दर उन्हाळ्यात प्रेशर पंप थांबत नाही आणि दर पावसाळ्यात टकटक करतो: विहीर, पंप आणि प्रेशर टाकीची जुळणी

विहिरीवर पंप आणि घराजवळ प्रेशर टाकी, अशी सोय कोकणातल्या पुष्कळ घरांत आणि घरगुती राहण्याच्या ठिकाणी दिसते. पंप टाकीत पाणी दाबून भरतो, टाकीतली हवा ते पाणी नळाकडे ढकलते, आणि प्रेशर स्विच ठरावीक दाबांवर पंप चालू-बंद करतो. तिच्या तक्रारी ऋतूप्रमाणे येतात. एप्रिल-मेमध्ये पंप एकदा सुरू झाला की बंदच होत नाही. पावसाळ्यात तोच पंप नळ उघडताच दर काही सेकंदांनी चालू-बंद होतो. मग प्रेशर स्विच बदलला जातो, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. तीन स्विच आणि एक मोटार बदलूनही सुटत नाही असा हा प्रश्न आहे, कारण बिघाड बहुधा स्विचमध्ये नसतोच. मे महिन्यातली पाण्याची पातळी, पंपाची ताकद आणि टाकीतली हवा यांचा एकमेकांशी मेळ बसलेला नसतो.

चक्र असे फिरते. मे महिन्यात पंप थांबत नाही म्हणून स्विचचा दाब ठरवणारा मोठा नट ढिला करतात. पंप थांबू लागतो, पण आता तो सुरूही फार कमी दाबावर होतो, आणि टाकीतली हवा जुन्याच दाबाची असते. नळ मध्येच कोरडा पडतो आणि मग धक्क्याने पाणी येते. त्यावर कुणीतरी टाकीतली हवा अंदाजाने सोडतो. ऑगस्टमध्ये विहीर भरते, ‘प्रेशर कमी येतंय’ म्हणून नट पुन्हा आवळला जातो, आणि हवा मात्र कमीच राहते. टाकीत पाणी मावेनासे होते, पंप टकटक करू लागतो, स्विचचे पॉइंट (वीज जोडणारी धातूची टोके) जळतात. नवीन स्विच येतो. पुढचा मे येतो.

आधी मोजमापाची भाषा एक करून घेऊ. गेजवरचा १ किलो दाब (चौरस सेंटिमीटरवर १ किलो) म्हणजे पाण्याची १० मीटर उंची आणि साधारण १४ पीएसआय (चौरस इंचावर पौंड). टायरमधली हवा मोजण्याचे गेज पीएसआय दाखवते, टाकीवरचे गेज बहुधा किलो दाखवते. या दोहोंत गल्लत झाली की पुढचे सगळे चुकते. बाजारात येणारे स्विच बहुतेक १.४ किलोला पंप चालू आणि २.८ किलोला बंद, म्हणजे २० आणि ४० पीएसआयवर लावलेले असतात. हे आकडे कारखान्याचे आहेत, तुमच्या विहिरीचे नाहीत.

पंप थांबत नाही

उदाहरण घ्या. विहिरीत काठापासून पाणी ऑगस्टमध्ये २ मीटरवर आणि मेअखेर ९ मीटरवर असते. घर विहिरीच्या काठापेक्षा ५ मीटर उंचावर आहे. पंप जास्तीत जास्त ३५ मीटर उंची गाठतो, म्हणजे नळ बंद असताना तो एवढाच दाब देऊ शकतो. ऑगस्टमध्ये टाकीपाशी ३५ वजा २ वजा ५, म्हणजे २८ मीटर उरतात: बरोबर २.८ किलो. स्विच कसाबसा तुटतो, म्हणजे पंप बंद करतो, आणि सगळे ठीक वाटते. मेमध्ये ३५ वजा ९ वजा ५, उरले २१ मीटर. काटा २.१ किलोला जाऊन थांबतो, २.८ कधीच येत नाही, आणि सगळे नळ बंद असतानाही पंप चालतच राहतो. आतले पाणी तापते, सील जाते, पंपाजवळचा पीव्हीसी पाइप मऊ पडून सांध्यातून निसटतो. संध्याकाळी व्होल्टेज पडले की पंपाची ताकद आणखी घटते, म्हणून ही तक्रार बहुधा दिवेलागणीला सुरू होते.

विहीर सड्यावर (कातळाच्या पठारावर) आहे की पुळणीत (किनाऱ्याच्या वाळूत), यावर हा फरक ठरतो. जांभ्याच्या सड्यावरच्या विहिरी पावसात भराभर भरतात आणि जांभा सच्छिद्र असल्याने तितक्याच लवकर रित्या होतात. पातळीत सात-आठ मीटरचा फरक तिथे नवलाचा नाही. किनाऱ्यालगतच्या वाळूतल्या उथळ विहिरीत पातळी फारशी हलत नाही. तिथला धोका वेगळा: जास्त उपसा केला की पाणी मचूळ होते. समुद्राजवळ गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगते, आणि गोड्या पाण्याची पातळी थोडी उतरली तरी खालचे खारे पाणी कितीतरी पटींनी वर चढते. अशा विहिरीवर मोठा पंप बसवणे म्हणजे स्वतःच्या हाताने विहीर खारी करणे आहे. अर्धा एचपीचा पंप, थोडा-थोडा उपसा, मध्ये विश्रांती.

तपासणी सोपी आहे. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, संध्याकाळी, घराकडे जाणारा कॉक बंद करून पंप चालू करा आणि गेज पाहत राहा. स्विच आपोआप तुटला तर या बाजूने काही अडचण नाही. काटा एका आकड्यावर येऊन अर्धा मिनिट हललाच नाही, तर लगेच एमसीबी (पंपाच्या विजेचा खटका) पाडा आणि तो आकडा लिहून ठेवा. त्यातून ०.३ ते ०.४ किलो वजा केले की तुमचा बंद होण्याचा दाब मिळतो, आणि तो वर्षभर तोच ठेवायचा. वरच्या उदाहरणात काटा २.१ ला थांबला, म्हणून १.८ किलोला बंद आणि १ किलोला चालू. तळमजल्याच्या घराला एवढा दाब भरपूर होतो. पहिल्या मजल्यावर शॉवर हवा असेल तर मात्र नुसते स्विच फिरवून भागणार नाही, पंपच जास्त उंचीचा घ्यावा लागेल.

स्विचमध्ये साधारण दोन स्प्रिंग असतात. मोठ्या स्प्रिंगचा नट आवळला की चालू आणि बंद दोन्ही दाब एकत्र वाढतात. लहान स्प्रिंगचा नट फक्त बंद होण्याचा दाब हलवतो. वीज बंद करून एका वेळी अर्धा फेरा फिरवा, झाकण लावा, पंप चालवून गेज वाचा, मग पुढचा अर्धा फेरा. काही स्वस्त स्विचमध्ये एकच नट असतो. तिथे दोन दाबांतले अंतर बदलता येत नाही, त्यामुळे असा स्विच घेऊच नये. आणि चालू होण्याचा दाब बदलला की टाकीतली हवाही बदलायची. हे विसरले की वर सांगितलेले चक्र सुरू झालेच.

पंप टकटक करतो

नळ उघडा असताना पंप दर पाच-दहा सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर आधी टाकीची हवा पाहायची. टाकीच्या आत रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी आणि बाहेर हवा. डोक्यावरची किंवा मागची काळी टोपी काढली की सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह दिसतो. टाचणीने तो क्षणभर दाबा. पाणी उडाले तर पिशवी फाटली आहे, ती बदलल्याशिवाय उपाय नाही. नुसती हवा आली तर मोजायची, पण टाकी रिकामी करूनच:

१. पंपाचा एमसीबी बंद करा.
२. सगळ्यात खालचा नळ उघडा आणि गेज शून्यावर येऊन पाणी थांबेपर्यंत उघडाच ठेवा.
३. टायरच्या गेजने हवा मोजा.
४. पंप चालू होण्याच्या दाबापेक्षा २ पीएसआय कमी हवा ठेवा. २० ला चालू होत असेल तर १८. १ किलोला, म्हणजे १४ ला चालू होत असेल तर १२. सायकलचा पायपंप पुरतो. टायरवाल्याचा मोठा कॉम्प्रेसर लावलाच तर जपून, पिशवी फाटू शकते.
५. नळ बंद करून पंप चालू करा.

पाण्याने भरलेल्या टाकीची हवा मोजून काहीच कळत नाही. तेव्हा गेज आत साठलेल्या पाण्याचाच दाब दाखवते, आणि ‘हवा भरपूर आहे’ असा गैरसमज होतो. ही चूक सरावलेले प्लंबरही करतात.

हवेचा परिणाम किती होतो ते आकड्यांत पाहा. २४ लिटरची टाकी, १.४ ला चालू, २.८ ला बंद, हवा १८ पीएसआय: पंप बंद झाल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत सुमारे ८ लिटर पाणी मिळते. हवा ६ पीएसआयवर आली की हेच ५ लिटर होते. पिशवी फाटली की जवळजवळ काहीच नाही. टाकीवर ‘२४ लिटर’ लिहिलेले असते म्हणून कुणी २४ लिटरची अपेक्षा ठेवू नये. हाती येते ते एक तृतीयांश. ६० लिटरच्या टाकीतून सुमारे २० आणि १०० लिटरच्या टाकीतून ३४ लिटर.

टाकी किती मोठी घ्यायची तेही यावरूनच ठरते. पंप मिनिटाला ३० लिटर देतो आणि घरात त्याच्या निम्मे, १५ लिटर, सतत वापरले जाते आहे, असे धरा. पंपाला सगळ्यात जास्त त्रास याच वापरात होतो. २४ लिटरच्या टाकीवर तो तासाला सुमारे ५५ वेळा सुरू होईल, ६० लिटरवर २२ वेळा, १०० लिटरवर १३ वेळा. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते आणि तापते. बोअरवेलमधल्या सबमर्सिबल (पाण्यात बुडवून ठेवायच्या) मोटारीला हे सगळ्यात कमी सोसते. म्हणून नियम असा: एकदा सुरू झालेला पंप किमान १ मिनिट चालला पाहिजे. मिनिटाला ३० लिटर देणाऱ्या पंपाला १०० लिटरची टाकी. पंपासोबत फुकट मिळणारी २४ लिटरची टाकी मिनिटाला आठ-दहा लिटरच्या छोट्या पंपालाच शोभते. पैसे वाचवायचेच असतील तर पंपाच्या एचपीत वाचवा, टाकीत नको. अकारण मोठा पंप आणि लहान टाकी ही कोकणातली सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी जोडी आहे.

हवा बरोबर आहे, पिशवी शाबूत आहे, तरी टकटक? मग स्विच टाकीला जोडणारी पाव इंची निपल (छोटी जोडनळी) काढून पाहा. जांभ्यातल्या पाण्यात लोह असेल तर तिच्यात तांबूस गाळ घट्ट बसतो आणि स्विचला दाब उशिरा पोचतो. तारेने साफ करा. लोखंडी निपल असेल तर पितळेची बसवा. नंतर एनआरव्हीची, म्हणजे पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हची, जागा पाहा. विहिरीकडून येताना आधी एनआरव्ही, मग स्विच, गेज आणि टाकी एकमेकांना लागून, आणि त्यानंतर घराचा कॉक, असाच क्रम हवा. स्विच आणि टाकी यांच्यामध्ये एनआरव्ही आला तर स्विचला टाकी दिसतच नाही आणि पंप फडफडतो. नवीन फिल्टर टाकीच्या आधी बसवला असेल तरी फिल्टर तुंबताच हेच होते. फिल्टरची जागा टाकीनंतर.

रात्री कुणी नळ उघडत नाही, तरी पंप सुरू होतो

पाणी कुठेतरी जाते आहे. टाकी भरून पंप बंद झाला की घराचा कॉक बंद करा आणि अर्धा तास गेज पाहा. काटा जागचा हलला नाही तर गळती घरात: बहुतेक वेळा फ्लशच्या टाकीचा वायसर, नाहीतर बागेत जाणारा पुरलेला पाइप. काटा उतरत गेला तर पाणी मागे विहिरीत जाते आहे, म्हणजे एनआरव्ही किंवा फूट व्हॉल्व्ह (विहिरीतल्या पाइपाच्या तळाचा तसाच व्हॉल्व्ह) धरत नाही. त्यात पानाचा देठ किंवा वाळूचा कण अडकलेला असतो, आणि पहिल्या पावसानंतर हे हमखास होते. सबमर्सिबल पंपाला पंपाच्या तोंडाशी एक एनआरव्ही पुरतो. वर दुसरा लावून खालच्याची गळती झाकू नये. दोघांमध्ये पोकळी तयार होते आणि पंप सुरू होताना पाइपला दणका बसतो.

पंप निवडताना

पहिले माप विहिरीचे, मेअखेरचे. दोरीला वजन बांधून काठ ते पाणी आणि काठ ते तळ अशी दोन मापे घ्या. तो महिना गाठता येत नसेल तर विहिरीच्या आतल्या भिंतीवर उन्हाळ्यातल्या पाण्याची रेघ दिसते, आणि पाणी भरणाऱ्या बायकांना उन्हाळ्यात दोरी किती सोडावी लागते ते नेमके ठाऊक असते.

काठावर बसवायचा मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकत्र असलेला) पंप, सेल्फ प्रायमिंग (स्वतःच हवा काढून पाणी ओढणारा) असला तरी, पाणी ओढतो ते व्यवहारात ६ ते ७ मीटरपर्यंतच. मेमध्ये पाणी त्याखाली जात असेल तर हा पंप घेऊ नका, कितीही एचपीचा असो. ओढण्याची मर्यादा हवेच्या दाबाने ठरते, मोटारीने नाही. पंप विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर उतरवला तर उन्हाळा निभतो, पण जूनमध्ये पाणी चढून मोटार बुडते. उघड्या विहिरीत पातळी जास्त हलत असेल तर ओपनवेल सबमर्सिबल हाच सरळ मार्ग. तो तळाच्या गाळात ठेवू नका, खाली जांभ्याचे चिरे लावून फूटभर उचलून ठेवा.

दुसरे माप उंचीचे. तेच घर, पण पहिल्या मजल्यासाठी २.८ किलो हवे असे धरू: मेमधले पाणी ते काठ ९ मीटर, काठ ते घर ५ मीटर, बंद होण्याचा दाब २८ मीटर, आणि पाइपातले घर्षण. मिनिटाला ३० लिटर पाणी ५० मीटर लांब १ इंची पाइपातून गेले तर घर्षणात सुमारे ३ मीटर जातात; पाऊण इंची पाइपात ८. बेंड आणि व्हॉल्व्हचे १ मीटर धरून १ इंची पाइपाला बेरीज ४६ मीटर. म्हणजे मिनिटाला ३० लिटर ४६ मीटरवर देणारा पंप हवा. दुकानदार ‘१ एचपी, ५० मीटर हेड’ म्हणतो तेव्हा ते ५० मीटर हेड, म्हणजे उंची, बहुधा शून्य प्रवाहाचे असतात. त्याच्याकडून पंपाचा तक्ता मागून घ्या आणि ४६ मीटरसमोर किती लिटर लिहिले आहे तेच पाहा. १.८ किलोवर भागणार असेल तर बेरीज ३६ होते आणि स्वस्त पंपात काम होते.

तिसरी गोष्ट केबल. १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल साधारण ७ अँपिअर घेते. ६० मीटर अंतराला १.५ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये चालताना १० व्होल्ट पडतात, २.५ च्या केबलमध्ये ६. सुरू होताना करंट चार-पाच पट असतो, म्हणजे बारीक केबलमध्ये ४०-५० व्होल्ट वाटेतच संपतात. गावात आधीच २०० व्होल्ट असतील तर मोटार नुसती गुणगुणते आणि कपॅसिटर जातो. २.५ च्या खाली जाऊ नका. विहिरीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळता करंट ओळखून वीज तोडणारा खटका) हवाच, आणि विहिरीत कुणी उतरणार असेल तर आधी एमसीबी बंद.

टाकी घेताना पिशवी बदलता येणारी आणि फ्लँज (तोंडाची चकती) स्टेनलेस स्टीलची मागा. जांभ्याचे पाणी आम्लधर्मी असते आणि पत्र्याचा फ्लँज आतून खाऊन टाकते; बाहेरून खारा वारा तेच करतो. टाकी पडवीत, चिऱ्यावर ठेवा, ओल्या जमिनीवर नको. स्विचच्या झाकणात केबल शिरते ते भोक सिलिकॉनने बुजवा. ऊब मिळते म्हणून मुंग्या आत जातात, पॉइंटमध्ये चिरडतात आणि पंप सुरूच होत नाही. असा पॉइंट वीज बंद करून कोरड्या कापडाने पुसला की पुरे. पॉलिश पेपर जोरात घासला तर वरचा चांदीचा थर जातो आणि पॉइंट लवकर जळतो.

विहीर मेमध्ये आटत असेल तर

झऱ्याला दम नसेल, पंप पंधरा-वीस मिनिटांत विहीर उपसून कोरडा पडत असेल, तर विहिरीवर थेट प्रेशर टाकी लावूच नये. तिथे दोन टप्पे करा. विहिरीचा पंप १००० लिटरच्या साठवण टाकीत पाणी चढवेल, दिवसातून एक-दोनदा, झरा भरल्यावर. त्याच्या पॅनेलमध्ये ड्राय रन संरक्षण (पाणी संपताच पंप बंद करणारे) घ्या, आणि ते पंप बंद केल्यावर किमान अर्ध्या तासाने पुन्हा चालू करेल असे लावा, म्हणजे झऱ्याला सवड मिळते. साठवण टाकीजवळ अर्धा एचपीचा छोटा पंप आणि त्याला प्रेशर टाकी. वरचे एका मिनिटाचे माप इथेही लागू. या पंपाला पाणी नेहमी एकाच उंचीवरून मिळते, त्यामुळे ऑगस्टला लावलेला स्विच मेमध्येही तसाच चालतो. साठवण टाकीच्या तळाशी फ्लोट स्विच लावून तो छोट्या पंपाच्या प्रेशर स्विचशी ओळीने (सिरीजमध्ये) जोडा, टाकी रिकामी झाली की पंप सुरूच होणार नाही.

पावसाळ्यात वीज गेली की प्रेशर टाकीत असते ते दहा-वीस लिटर, दोन बादल्यासुद्धा नाहीत. साठवण टाकी नळापेक्षा उंचावर असेल तर छोट्या पंपाला बगल देणारी एक लाइन काढून तिच्यावर एनआरव्ही बसवा, त्याचा बाण घराकडे. पंप चालू असताना तो आपोआप मिटतो, वीज गेली की पाणी उताराने घरात येत राहते.